रेडिओचा आवाज : मोठा की सुश्राव्य?

रेडिओची कळ फिरवत एका केंद्रावरून दुसऱ्या केंद्राकडे जाताना एक अनुभव बहुतेक श्रोत्यांना येतो. एका केंद्रावरचा निवेदक अगदी कानाशी येऊन बोलत असल्यासारखा वाटतो, तर शेजारच्या केंद्रावरचा आवाज पलीकडच्या खोलीतून येत असल्याप्रमाणे दबलेला भासतो. वास्तविक प्रक्षेपणाच्या कमाल मर्यादेचा नियम दोन्ही केंद्रांना एकच असतो आणि दोन्ही केंद्रे त्या मर्यादेपर्यंत पोहोचतही असतात. तरीही हा फरक जाणवतो. त्याचे कारण बहुतेक वेळा निवेदकाच्या गळ्यात किंवा ट्रान्समीटरच्या ताकदीत नसून स्टुडिओ आणि ट्रान्समीटर यांच्यामध्ये बसविलेल्या एका पेटीत दडलेले असते. 'ऑडिओ प्रोसेसर' या नावाने ती ओळखली जाते. मराठीत तिला ध्वनिसंस्कारक म्हणता येईल. श्रोत्यांपैकी फारच थोड्यांना तिचे अस्तित्व ठाऊक असते. केंद्राचा 'सूर' मात्र बऱ्याच अंशी तीच ठरविते.

या पेटीचे काम समजून घ्यायचे, तर आधी मर्यादा म्हणजे काय ते पाहावे लागेल. एफएम प्रक्षेपणात आवाजाच्या चढउतारानुसार लहरींची वारंवारता मागेपुढे होत असते. ती मूळ वारंवारतेपासून कोणत्याही बाजूस ७५ किलोहर्ट्झपेक्षा अधिक सरकू नये, असा दंडक आहे. ही मर्यादा क्षणाक्षणाला पाळावी लागते. एखाद्या शब्दातील 'ट' किंवा 'प'चा आघात सेकंदाच्या काही हजारांश भागापुरताच टिकतो, पण तोही मर्यादेत बसायला हवा. माणसाचा कान मात्र असे क्षणिक आघात मोजत नाही. आवाज मोठा की लहान, याचा निवाडा तो सेकंदाच्या काही दशांश भागातील सरासरीवरून करतो. सर्वसाधारण बोलण्यात ही सरासरी आणि आघातांची शिखरे यांत १२ ते १५ डेसिबलचे अंतर सहज पडते. साहजिकच शिखरे मर्यादेला टेकतात तेव्हा उरलेले सगळे बोलणे बरेच खाली राहते. शिखरे थोडी बुटकी केली, तर त्याच छपराखाली सगळा आवाज वर उचलता येतो. ध्वनिसंस्करणाचे सारे शास्त्र आणि त्यातले सारे गैरप्रकारही या एका गोष्टीतून निघाले आहेत.

हे उचलणे मुळात श्रोत्याच्या सोयीसाठीच आहे, हे विसरून चालणार नाही. शांत खोलीत बसून रेडिओ ऐकणारे थोडेच. बहुतेकांचा रेडिओ फोडणीच्या चुरचुरीत, एसटीच्या खिडकीशी, रिक्षात किंवा पंपाच्या घरघरीत चालतो. अशा ठिकाणी कुजबुजीपासून तार सप्तकापर्यंतचा सगळा पल्ला जसाच्या तसा पाठविला, तर हळू भाग गोंगाटात बुडतो आणि मोठा भाग दचकवितो. ज्यांची श्रवणशक्ती वयोमानाने कमी झाली आहे, त्यांना तर बातमीपत्रातील निम्मे शब्द निसटतात. आवाजाचा पल्ला आवळणे ही त्यांच्यासाठी गरज असते.

यंत्रे येण्यापूर्वी हे काम माणूस करीत असे. नियंत्रण कक्षातील तंत्रज्ञ काट्याकडे डोळे लावून बसे आणि वक्त्याचा आवाज चढला की कळ खाली, उतरला की वर करी. हा काटा म्हणजे 'व्हीयू मीटर' १९३९ मध्ये अमेरिकेत बेल प्रयोगशाळा, सीबीएस आणि एनबीसी यांनी मिळून प्रमाणित केला. तत्पूर्वी, १९३७ मध्ये, वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीने '११०ए' हे यंत्र आणले होते. शिखरे ओलांडू लागली की ते आपोआप पातळी खाली ओढी. परिणामी केंद्राची सरासरी पातळी सुमारे ३ डेसिबलने वाढविता येऊ लागली. हा आकडा लहान वाटेल. परंतु ३ डेसिबल म्हणजे ट्रान्समीटरची शक्ती दुप्पट केल्यासारखे. मध्यम लहरींवर, जेथे रात्रीच्या खरखरीतून दूरचे केंद्र ऐकायचे असते, तेथे याचा अर्थ अधिक गावे असा होतो.

ढोलकीची थाप आणि गायिकेचा गळा

पहिली यंत्रे कामसू होती, पण अडाणी होती. त्यांचा पहिला दोष शांततेत उघडा पडे. पातळी घसरली की ती वर उचलायची, एवढेच त्यांना ठाऊक. विलंबित ख्यालात गायक समेवर येऊन थांबला, की यंत्राला वाटे आवाज गेला, आणि ते हळूहळू तानपुऱ्याला वर चढवीत नेई. दोन स्वरवाक्यांमधील तानपुरा गायकाइतकाच मोठा झाला की मैफलीतील अवकाशच नाहीसा होतो. भाषणाच्या प्रक्षेपणात तानपुऱ्याची जागा पंख्याची घरघर आणि वक्त्याचा श्वास घेत. सीबीएस लॅबोरेटरीजच्या 'ऑडिमॅक्स'मध्ये यावर एक साधा उपाय योजण्यात आला. पातळी एका ठरावीक उंबरठ्याखाली गेली, तर ती विश्रांती समजावी आणि कळ आहे तेथेच स्थिर ठेवावी. आजच्या प्रत्येक चांगल्या प्रोसेसरमध्ये हा उंबरठा असतो. तो चुकीच्या जागी बसविला, तर काय होते याची प्रचीती शास्त्रीय संगीताच्या श्रोत्यांना अधूनमधून येतच असते.

दुसरा दोष अधिक त्रासदायक होता. ध्वनीतील सर्वाधिक ऊर्जा खर्जात असते. लावणीतील ढोलकीची जोरदार थाप पडली, की यंत्र सगळाच आवाज खाली दाबी. त्यात गायिकेचा गळा दबे, घुंगरूही दबत. थाप विरली की सगळे पुन्हा उसळून वर येई. गाण्याला असे लागोपाठ हेलकावे बसत. यावरचा तोडगा म्हणजे आवाजाचे वारंवारतेनुसार पट्टे पाडणे. खर्जाचा एक पट्टा, मानवी आवाजाचा एक, झांजांचा आणि घुंगरांचा एक असे भाग वेगळे करून प्रत्येकाला स्वतंत्रपणे आवळायचे आणि नंतर पुन्हा एकत्र करायचे. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी अमेरिकेतील माइक डोरो यांनी तीन पट्ट्यांचा असा प्रोसेसर बाजारात आणला आणि ही पद्धत रूढ होत गेली. आता ढोलकीच्या थापेने केवळ ढोलकीच दबते, गळा आपल्या जागी राहतो. मात्र यातही एक मेख आहे. प्रत्येक पट्टा पूर्ण भरण्याचा हट्ट धरला, की वाद्यमेळातील मूळचे प्रमाण बिघडते. संगीतकाराने मागे ठेवलेले व्हायोलिन पुढे येऊन उभे राहते. नाजूक बासरी आणि भरदार सनई एकाच वजनाच्या होतात.

मराठीतील 'स' आणि 'च'

एफएमची आणखी एक खोड आहे आणि तिचा संबंध थेट भाषेशी येतो. एफएममध्ये उच्च वारंवारतेच्या भागात खरखर अधिक असते. ती लपविण्यासाठी प्रक्षेपणापूर्वी उच्च स्वर मुद्दाम वाढवितात आणि श्रोत्याच्या रेडिओत ते तेवढेच कमी केले जातात. त्यांच्याबरोबर खरखरही कमी होते. भारतात आणि युरोपात वापरल्या जाणाऱ्या मानकानुसार ही वाढ सुमारे ३ हजार हर्ट्झपासून सुरू होते आणि १५ हजार हर्ट्झपर्यंत ती जवळजवळ पाच पट होते. अमेरिकेतील मानकात ती सात पटींवर जाते. हे गणित ज्या काळात बसविले गेले, त्या काळच्या ध्वनिमुद्रणांत उच्च स्वर मुळातच कमी असत, त्यामुळे वाढ खपून जात असे. पुढे ध्वनिमुद्रण सुधारले, आवाज अधिक तकतकीत झाले आणि हीच वाढ डोईजड होऊ लागली.

त्याचा फटका बसतो तो ऊष्म वर्णांना. 'स' आणि 'श' यांची ऊर्जा साधारणपणे ४ ते ८ हजार हर्ट्झच्या आसपास एकवटलेली असते. मराठीत त्यांच्या जोडीला 'चमचा'तला दंत्य 'च' आणि 'झाड'मधला 'झ' आहे. 'सातारा जिल्ह्यातील शेतकऱ्यांसाठी सूचना' एवढे साधे वाक्य वाचताना निवेदकाच्या आवाजाची ही शिखरे अनेकदा मर्यादेवर आदळतात. प्रोसेसरने ती सरळ छाटली तर 'स'ची फाटकी सळसळ ऐकू येते. फार दाबली तर निवेदक बोबडा वाटू लागतो. म्हणून 'डी-एसर' नावाची योजना फक्त तेवढ्या क्षणापुरता, फक्त तेवढाच पट्टा हलका करते. ती किती प्रमाणात वापरावी, हे आवाजाआवाजावर अवलंबून असते. पुरुष निवेदकासाठी बसविलेले माप तसेच ठेवून स्त्री निवेदिकेचा आवाज पुढे पाठविला, की तिचा 'स' खुपतो किंवा गिळला जातो. परदेशी प्रोसेसरबरोबर येणारी तयार मापे इंग्रजी बोलण्यावर आणि पाश्चात्त्य संगीतावर पारखलेली असतात. मराठी वाक्ये ऐकवून ती नव्याने जुळविण्याचे कष्ट घ्यावे लागतात, ते यामुळेच.

या सर्व योजना एका छपराखाली आणण्याचे श्रेय प्रामुख्याने रॉबर्ट ऑर्बन यांच्याकडे जाते. त्यांचा 'ऑप्टिमॉड-एफएम ८०००' हा प्रोसेसर १९७५ मध्ये आला. तोवर पातळी आवळणारे यंत्र एका कंपनीचे, १५ हजार हर्ट्झच्या वरचे ध्वनी गाळणारा फिल्टर दुसरीचा आणि स्टिरिओ संकेत बनविणारी पेटी तिसरीची, असा संसार असे. गंमत अशी की आवळून सपाट केलेला आवाज फिल्टरमधून गेला की पुन्हा उसळ्या मारी. त्या उसळ्यांसाठी जागा राखून ठेवावी लागे, म्हणजे सगळे केंद्र थोडे हळूच ठेवावे लागे. ऑर्बन यांनी तिन्ही कामे एकत्र करून या उसळ्यांचा बंदोबस्त केला. ज्या केंद्रांनी ही पेटी घेतली, ती एका रात्रीत मोठी आणि तरीही स्वच्छ ऐकू येऊ लागली. शेजारची केंद्रे मग गप्प बसणार नव्हतीच.

चढाओढीचे दुष्परिणाम

येथून जी चढाओढ सुरू झाली, तिचे मूळ एका गृहीतकात होते. कळ फिरविणारा श्रोता ज्या केंद्राचा आवाज मोठा, तेथे थांबतो, असे केंद्रचालक मानू लागले. त्यात अगदीच तथ्य नाही असे नाही. दोन आवाज लागोपाठ ऐकविले, तर किंचित मोठा आवाज कानाला अधिक चांगला वाटतो. परंतु तो परिणाम पहिल्या काही क्षणांचा असतो. ज्या आवाजात कोठेही उसंत नाही, शिखर नाही आणि दरीही नाही, तो कान फार काळ सहन करीत नाही. श्रोता नेमके कारण सांगू शकत नाही, फक्त रेडिओ बंद करतो. केंद्राची मोजणी कळ थांबविणाऱ्यांची होते. कंटाळून उठून गेलेला श्रोता त्या हिशेबात फारसा दिसत नाही.

शिखरे हळुवारपणे दाबणे आणि ती सरळ कापून टाकणे यांत मोठे अंतर आहे. कापण्याला तांत्रिक भाषेत 'क्लिपिंग' म्हणतात. लहरीचा गोलाकार माथा सपाट झाला, की मूळ ध्वनीत नसलेले नवे स्वर निर्माण होतात. तेच कानाला फाटल्यासारखे जाणवतात. थोड्या प्रमाणात कान ते खपवून घेतो. चढाओढीत ते प्रमाण वाढतच गेले. जर्मनी व स्वित्झर्लंडसारख्या काही देशांनी एफएम संकेताच्या सरासरी शक्तीवरच मर्यादा घातली. तेथे आवाज आवळून मोठा करण्याचा लाभच उरला नाही.

ही साथ रेडिओपुरती राहिली नाही. आपले गाणे रेडिओवर मोठे वाजावे, या समजुतीने सीडी तयार करणाऱ्यांनी स्टुडिओतच आवाज आवळण्यास सुरुवात केली. ही समजूत चुकीची असल्याचे खुद्द प्रोसेसर बनविणाऱ्यांनीच सांगितले, हे विशेष. रॉबर्ट ऑर्बन आणि 'ऑम्निया' प्रोसेसरचे जनक फ्रँक फॉटी हे बाजारातले प्रतिस्पर्धी. या दोघांनी २००१ मध्ये एक संयुक्त निबंध लिहून दाखवून दिले, की आधीच चिरडलेले गाणे रेडिओवर मोठे वाजत नाही. प्रोसेसर सर्वांना एकाच पातळीवर आणतो. चिरडलेल्या गाण्याचे फक्त विरूपण वाढते. पुढे २००८ मध्ये 'मेटॅलिका' या बँडचा 'डेथ मॅग्नेटिक' हा अल्बम आला, तेव्हा त्याच्या सीडीपेक्षा 'गिटार हिरो' या व्हिडिओ गेममधील तीच गाणी अधिक मोकळी वाजतात, अशी तक्रार चाहत्यांनीच केली. आजच्या काही प्रोसेसरांत तर सीडीवर कापलेली शिखरे अंदाजाने पुन्हा जोडण्याची सोय असते. म्हणजे एका ठिकाणी कापायचे, दुसऱ्या ठिकाणी शिवायचे आणि तिसऱ्या ठिकाणी पुन्हा कापायचे!

भारतात पहिले खासगी एफएम केंद्र २००१ मध्ये बंगळुरूत आणि त्यानंतर २००२ मध्ये मुंबईत खासगी केंद्रे सुरू झाली. तोवर चढाओढीची ही पंचवीस वर्षे जगाने अनुभवली होती. आपल्याकडील अडचण थोडी निराळी आहे. हिंदी-मराठी चित्रपटसंगीत वाजविणाऱ्या केंद्रावर १९५० च्या दशकातील मोनो ध्वनिमुद्रण आणि या वर्षीचे गाणे एकाच तासात येऊ शकते. जुन्या गाण्यात गळा पुढे, वाद्ये मागे, खर्ज बेताचा आणि वर तबकडीची खरखर. नवे गाणे काठोकाठ भरलेले. दोघांवर एकच कडक माप लावले तर जुन्या गाण्यातील खरखर वर येते आणि नव्यातला श्वास कोंडतो. यावर प्रोसेसरपाशी जादू नाही. गाणी संग्रहात भरतानाच त्यांची पातळी आणि स्वच्छता पाहून घेणे आणि प्रोसेसरला कमी काम ठेवणे, हाच मार्ग आहे. तो वेळखाऊ असल्याने सहसा टाळला जातो.

इंटरनेटवर नियम वेगळे

इंटरनेटवरून ऐकू येणाऱ्या प्रक्षेपणात ट्रान्समीटर नाही, ७५ किलोहर्ट्झचे बंधन नाही आणि उच्च स्वर वाढविण्याचा प्रकारही नाही. तरीही एफएमसाठी तयार झालेला आवाजच सरळ इंटरनेटकडे वळविण्याची पद्धत अनेक ठिकाणी आढळते. सोय म्हणून ती समजण्यासारखी असली, तरी परिणाम वाईट होतो. इंटरनेटवर आवाज एमपी३ किंवा एएसी यांसारख्या पद्धतींनी संक्षिप्त करून पाठविला जातो. कानाला जे ऐकू येणार नाही ते वगळायचे आणि उरलेल्यावर माहितीचा साठा खर्च करायचा, हे त्यांचे तत्त्व. कापाकापीतून निर्माण झालेले नको असलेले स्वर या पद्धतीला मूळ संगीताइतकेच महत्त्वाचे वाटतात. मग त्यांच्यावर साठा खर्ची पडतो आणि गायकाच्या वाट्याला कमी उरतो. कमी क्षमतेच्या प्रक्षेपणात झांजा पाण्याखाली वाजल्यासारख्या ऐकू येतात, त्याचे हे एक कारण. त्यामुळे इंटरनेटसाठी स्वतंत्र प्रोसेसर किंवा निदान स्वतंत्र मापे हवीत. त्यात शिखरे कापण्याऐवजी, पुढे काय येणार ते क्षणभर आधी पाहून आवाज अलगद उतरविणारा 'लिमिटर' असावा. पूर्वी लाखमोलाच्या पेट्यांत असलेली ही साधने आता साध्या संगणकावर चालणाऱ्या सॉफ्टवेअरच्या रूपात मिळतात.

त्याहून मोठा बदल मोजमापात झाला. कानाला जाणवणारा मोठेपणा मोजण्याची पद्धत आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००६ मध्ये प्रमाणित केली. त्या मापाचे एकक 'एलयूएफएस' या नावाने ओळखले जाते. युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने २०१० मध्ये उणे २३ एलयूएफएस ही पातळी कार्यक्रमांसाठी ठरवून दिली. अमेरिकेत दूरचित्रवाणीवरील जाहिरातींच्या आरडाओरड्याविरुद्ध त्याच वर्षी कायदा झाला आणि तो डिसेंबर २०१२ पासून अमलात आला. 'स्पॉटिफाय'वर उणे १४ ही पातळी धरून गाणी आपोआप वरखाली केली जातात. ॲपलने पॉडकास्टसाठी उणे १६ च्या आसपासची पातळी सुचविली आहे.

याचा अर्थ सरळ आहे. एखाद्याने आपले गाणे उणे ८ पर्यंत चिरडून मोठे केले, तर ते वाजताना ६ डेसिबलने खाली आणले जाते. शेजारी उणे १४ वर सोडलेले गाणे आपल्या तबल्याच्या बोलांसह आणि गळ्याच्या चढउतारांसह वाजते. चिरडलेले गाणे तेवढ्याच पातळीवर, पण सपाट. चढाओढीत जिंकण्यासारखे काही उरतच नाही. एफएमवर मात्र असा कोणी मधला पंच नाही. त्यामुळे तेथील ओरड अद्याप चालू आहे.

घरच्या घरी मराठी पॉडकास्ट करणाऱ्यांची चूक बहुधा उलट दिशेची असते. आवाज हळू, पाहुण्याचा त्याहून हळू आणि दोघांच्या मागे खोलीचा घुमारा. घुमारा कोणत्याही सॉफ्टवेअरने पुरता जात नाही. मायक्रोफोन तोंडापासून वीतभर अंतरावर आणणे आणि खोलीत पडदे, गादी, पुस्तके असणे हे त्यावरचे स्वस्त औषध होय. त्यानंतर सुमारे ८० हर्ट्झच्या खालची घरघर गाळावी, दोन्ही आवाज आधी समान पातळीवर आणावेत, मगच बेताने आवळावेत. पार्श्वभूमीचा गोंगाट काढणारी साधने हात राखून वापरावीत. त्यांचा अतिरेक झाला की 'ह' आणि 'भ', 'घ' यांतील महाप्राण गोंगाट समजून पुसले जातात आणि बोलणारा डब्यातून बोलल्यासारखा वाटतो. शेवटी 'ऑडॅसिटी'सारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये सगळा भाग उणे १६ एलयूएफएसवर आणून सर्वोच्च शिखर उणे १ डेसिबलच्या वर जाणार नाही, हे पाहावे. हा एक डेसिबल का सोडायचा? संक्षिप्त केलेला आवाज श्रोत्याच्या फोनमध्ये पुन्हा उलगडताना शिखरे थोडी वर उसळतात, त्यांच्यासाठी ही जागा.

म्हसवडच्या 'माणदेशी तरंग'सारख्या सामुदायिक रेडिओ केंद्रांना हे गणित सर्वाधिक जाचते. १०० वॅटची मर्यादा आणि काही किलोमीटरचा टापू. तेथे ऐकणारा शेतात, दुचाकीवर किंवा फोनला जोडलेल्या कानातल्या वायरीवर ऐकतो. अशा केंद्राला महागड्या पेटीची गरज नाही. बोलणे ठळक ठेवणारी दोन-तीन पट्ट्यांची साधी जुळणी पुरते. ती जुळणी स्टुडिओतील उंची स्पीकरवर करून भागत नाही. हे जाणणारे तंत्रज्ञ स्वस्तातला खिशातला रेडिओ घेऊन बाहेर पडतात, टापूच्या टोकाला जेथे खरखर सुरू होते तेथे उभे राहतात आणि बाजारभाव सांगणाऱ्या निवेदकाचा 'साडेसातशे' हा शब्द 'साडेसोळाशे'सारखा ऐकू येत नाही ना, एवढे तपासून परततात.